कुकरची रिंग

सर,

आज लॅबमधल्या कुकरची रिंग पुन्हा सैल झाली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हल्ली सगळं मशीन करतं, पण मशीन रुसलं की गाठीचे तुकडे लावलेल्या काचपट्ट्या अजूनही कुकरमध्येच उकळाव्या लागतात. नव्या मुली हसतात, "दीदी, दाल पका रही हो क्या?" मी म्हणते, हसा खुशाल, पण वाफ नीट कोंडली नाही तर पेशीतलं प्रथिन उघडं पडत नाही आणि रंग धरत नाही. हे वाक्य तुमचं. तुमची बरीच वाक्यं मी माझी म्हणून खपवते.

रायपूर राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. जो तो मोठ्या इमारतींच्या गप्पा मारायचा आणि तुम्ही कॉलेजातल्या त्या गळक्या खोलीत आतड्याच्या कर्करोगाचे तुकडे बघत बसायचात. पहिल्याच दिवशी मी रिसेप्टर, रिसेप्टर करत पाठ केलेलं म्हणून दाखवलं, तर तुम्ही हात वर करून थांबवलंत. "सदर बाजारात माय पोट्ट्यायले काय सांगते? हात सोडू नका. पेशीचंही तसंच हाय. तिच्या अंगावर धरायचे हात असतात. एक शेजारणीले धरते, एक खालच्या जमिनीले. कॅन्सरमधी शेजारणीचा हात सुटला का ते एकटीच निंगते, न् जिथं जाईन तिथली जमीन धरते." इतकं सोपं असतं तर पुस्तकं एवढी जाड का, असं मला वाटलं होतं. आज वाटतं, ती जाड पुस्तकं तुम्ही पचवली होती म्हणून ते सोपं झालं होतं.

मग माझा तो पराक्रम. पहिल्यांदाच स्वतः रंगवलेली पट्टी, जिथे पेशीचे हात शाबूत तिथे तपकिरी रंग यायचा, आणि गाठीत तपकिरी रंगाचा ठिपकाही नाही. मी आनंदाने लिहून टाकलं, हात पूर्ण सुटलेले. तुम्ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि गाठीकडे पाहिलंच नाहीत, सरळ कडेच्या निरोगी भागावर गेलात. "काहून वं पोट्टे, इथं तरी रंग आला का? चांगल्या पेशीयले हात असतातच. तेच दिसून नाही राहिले, तं तुया रंगच खोटा." कुकरची वाफ रिंगेतून पळत होती आणि मी शिट्ट्या मोजत बसले होते. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खिशातून नवी रिंग काढून टेबलावर ठेवलीत आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणालात, "अर्धी चूक तुयी, अर्धी रिंगेची." खोलीत आणखी चार जण होते, त्यांना तुम्ही एका शब्दाने कळू दिलं नाहीत की चूक माझी होती. एवढं मोठं मन मी पुढे फार कमी माणसांत पाहिलं. तेव्हापासून कुठलीही पट्टी आली की मी आधी कडेचा निरोगी भाग बघते.

पुढे तुमच्याच गाठीची पट्टी आली, तीही मी तशीच बघितली. ऑपरेशन झालं होतं, आजाराचं नाव तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही निरोप धाडलात, माझा तुकडा तूच रंगव. चौबे कॉलोनीतल्या तुमच्या घरी एका दुपारी मी येते, काकू चहा ठेवतात, आणि तुम्ही उशीला टेकून विचारता, "काय म्हणतात आमच्या पेशी? हात धरून हायेत का? नसन तं तसं सांग, मले कामं आवरायची हायेत." एकट्या रंगावरून कुणाचं भविष्य सांगू नये, हेही तुम्हीच शिकवलेलं. पण गाठ जिथून पुढे पसरते ती धार मी पाहिलेली असते. तिथे पेशी एकेकट्या, दोघी-दोघी सुटून चाललेल्या आणि त्यांच्या अंगावरचा रंग गेलेला. माझ्या तोंडून निघतं, "सर, कडेलाच रंग आला नाही. कुकरने दगा दिला. पुन्हा करते."

"हव," म्हणालात, "मंग पुन्हा कर." बस, इतकंच. दाराबाहेर पडल्यावर मला आठवलं, ऑपरेशनच्या आठच दिवस आधी त्या कुकरला नवी रिंग तुम्ही स्वतः बसवली होती. त्या दुपारनंतर आठवड्याभरातच तुमच्या काचपट्ट्यांच्या सगळ्या पेट्या माझ्या टेबलावर आल्या, एकेका पट्टीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली. मी पुन्हा काही रंगवलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायचं तरी कुठे, तेव्हा ते त्या पेट्यांतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं होतं, सर. कडेला रंग आला होता. एकेक पेशी तपकिरी रेघेने आखल्यासारखी, माझ्या हातून इतका सुरेख रंग त्याआधी कधी उतरला नव्हता. आणि तुमच्या गाठीचं ते सगळं कळूनही, त्या दुपारी मला तो तुम्हाला दाखवून शाबासकी घ्यावीशी वाटत होती.