हात मागे

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण काल संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तुमचंच वाक्य कानावर आलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं. माझी मुलगी आता कॉमर्सला आहे, आपल्याच पालघरच्या कॉलेजात. मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते आणि ती ओट्याला टेकून घोकत होती, 'हार्डवेअर म्हणजे संगणकाचे असे भाग, की ज्यांना आपण हात लावू शकतो.' मग सॉफ्टवेअर झालं, मग मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम. मी विचारलं, तुझ्या हातातल्या फोनमध्ये कुठली आहे ती, दाखव बघू. तर म्हणते, "आई, ते परीक्षेला नाही विचारत." भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही.

आमच्या वेळी फोन नव्हते. होते ते तीन कॉम्प्युटर, कायम कुलपात, आणि किल्ली तुमच्या खिशात. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, भिंतीला लागून उभं राहायचं. तुम्ही पोपटी कापडाची खोळ काढता, तिची नीट घडी घालता आणि आमच्याकडे न बघताच म्हणता, "हात मागे." आम्ही सगळे हात मागे बांधतो. मग तुम्ही बटण दाबता, पडदा उजळतो, आणि तुम्ही बोट न लावता लांबूनच पट्टीने दाखवता, हा मॉनिटर, हा कीबोर्ड, ही आतली रॅम. तास संपला की आम्हाला आधी बाहेर काढता आणि मागे राहून मशीन बंद करता. ते कसं बंद करतात हे दोन वर्षांत आमच्यातल्या कुणी पाहिलं नाही. आणि या सगळ्यावर फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ज्यांना आपण हात लावू शकतो!

मी एकदा लावला होता. तुम्ही पाठमोरे असताना मी कीबोर्डचं एकच बटण दाबलं, नुसतं कसं लागतं ते बघायला. आमची वाणगावला चिकूची वाडी, सकाळी चिकू उतरवून मी कॉलेजला यायचे. चिकूचा चीक बोटांवर काळा पडतो, साबणाने जात नाही. तुम्ही माझा हात मनगटाला धरून सगळ्या वर्गाला दाखवलात आणि म्हणालात, "हे असले हात घेऊन कॉम्प्युटर शिकायला येतात." वर्ग हसला. नंतर घरी मी दगडाने बोटं घासून लाल केली, तेव्हा बाबा म्हणाले, "अगो, हात नाय लावायचा तर शिकायचं कसं?" मी त्यांच्यावरच खेकसले की तुम्हाला त्यातलं काय कळतं. सर, तेव्हा मी तुमच्या बाजूची होते.

परीक्षेत पहिली आले. रॅम आणि रॉममधला फरक, सीपीयूची आकृती, सगळं तोंडपाठ. तुम्ही बक्षीस म्हणून मला एक माउस दिलात, बिघडलेला. म्हणालात, "याला खुशाल हात लाव." बाबांनी तो टीव्हीशेजारी मांडून ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवत राहिले, "आमची पोर कंप्युटर शिकली हाय." मी तो दुपारी पत्र्याच्या पेटीवर फिरवत बसायचे. कशालाही न जोडलेला माउस फिरवणारी मुलगी, तुम्हाला हसू येतं का? मला तर आता रडूसुद्धा येत नाही, नुसता संताप येतो.

त्या मार्कांवर मला बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचला नोकरी लागली. साहेबांनी विचारलेल्या सगळ्या व्याख्या मी घडाघड म्हणून दाखवल्या होत्या. खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा काय झालं सांगू? माझे हात आपोआप मागे गेले. शेजारच्याचं बघून बघून मी एकेका बोटाने टाइप करायला लागले. दुपारपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या मालाची माहिती भरली, कुठला ड्रम कुठल्या गाडीत, कुठल्या गावाला. आणि वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर काही नव्हतं. सुपरवायझर धावत आला, "अरे मॅडम, सेव्ह नहीं किया क्या?" गाड्या गेटवर खोळंबलेल्या, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "रॅम ही तात्पुरती स्मृती असते, वीज गेल्यावर त्यातली माहिती पुसली जाते." पूर्ण मार्कांचं उत्तर होतं ते. ऑफिसभर जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. त्याच आठवड्यात मला ऑफिसातून काढून पॅकिंगला पाठवलं. पुढची कितीतरी वर्षं मी उभ्याने खोक्यांवर लेबलं चिकटवली, आणि तिथल्या बायका मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणत.

शेवटी शिकले ती बोईसरजवळच्या सालवडला, आमच्या भाड्याच्या खोलीशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथलं कॉम्प्युटरचं मशीन दोनदा बंद पाडलं, मालक ओरडला, मग त्यानेच ते कसं चालू करायचं ते दाखवलं. बिघडतं आणि परत चालू होतं, बस, एवढंच होतं सर! आता ऑनलाइन कामांचं ते दुकान मीच चालवते.

तिथेच तुम्ही आला होतात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन्ही हातांनी धरलेला. बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र पुढे केलं तर तुम्ही मला विचारलंत, "हात लावू का?" तुमची बोटं इतकी झिजलेली की ठसा उमटेना. मी ओल्या रुमालाने एकेक बोट पुसलं, धरून यंत्रावर दाबलं. तेव्हा तुम्ही मला ओळखलंत आणि हळूच बोललात, "मला त्यातलं काही येत नव्हतं गं. मी बुककीपिंगचा माणूस. सुट्टीत शिबिराला पाठवलं आणि किल्ली हातात दिली. काही बिघडलं तर काय करायचं, याची धास्ती असायची." म्हणजे चीक माझ्या हातांना होता आणि भीती तुमच्या. 'मला येत नाही' एवढं एकदा वर्गात म्हणाला असतात, तर आम्ही सगळ्यांनी मिळून ती तीन मशीनं बिघडवत बिघडवत शिकून घेतली असती. तुमची अब्रू राहिली आणि माझी खुर्ची गेली, ही गोष्ट मी माफ केलेली नाही.

तेवढ्यात यंत्राने ठसा घेतला आणि तुम्ही खुश होऊन रांगेकडे वळलात, "हिला कॉम्प्युटर मी शिकवला!" रांगेतल्या एका म्हातारीने मला विचारलं, "खरं हाय का गो? या सरांनीच शिकवलं तुला?" माझ्या तोंडातून 'हो' गेलं. त्या 'हो'चा मला आजही राग येतो.

हे मी फोनवर लिहिते आहे. सेव्ह करावं लागत नाही, आपोआप राहतं. पाठवायला आता पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. पुढच्या वर्षी दाखल्यांची रांग पुन्हा लागली, तेव्हा तुम्ही गेल्याचं मला माहीत नव्हतं. हे सगळं तोंडावर ऐकवायचं म्हणून मी रोज दाराकडे बघत होते. आणि तुमच्या बोटांसाठी रुमाल ओला करून ठेवत होते.