वन्संनी पाठवलेले देवदाराचे गोळे

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच मान्य करून घ्यावा.) तुमचे गुडघे बरे असतील आणि तुमच्या यजमानांचा खोकला त्यांच्यापुरताच राहिला असेल, अशी आशा करते. माझं ठीक आहे. मागच्या पत्रात तुम्ही ह्यांचा कामाचा कोट पुन्हा मागितलात. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी तुमच्या गोळ्यांची हकिगत.

डबा नीट पोहोचला. आत मुठीएवढे दोन तपकिरी गोळे होते. आंघोळीच्या पाण्यात एक गोळा टाकावा, देवदाराचा सुवास येतो, असं डब्यावर लिहिलं होतं. सोबत एका बाईचं चित्र होतं. ती भल्यामोठ्या टबात गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून हसत होती. (आमच्याकडे टब नाही. बादली आहे, आणि तिच्यात माझा एक पाय मावतो.) हे गेल्यापासून आंघोळ मी नुसती उरकते, हे तुम्ही इथे राहिलात तेव्हा पाहिलंत आणि म्हणूनच गोळे पाठवलेत, ते कळलं. तसं बोलून दाखवलं नाहीत. तुमच्या स्वभावाला ते धरून नाही, पण बरं वाटलं.

तर सकाळी बादली भरली, गोळा सोडला आणि साबण घ्यायला पाठ फिरवली. मागे फसफस ऐकू आली. वळून बघते तर गोळा पाण्यात गिरक्या घेतोय आणि फेस काठावरून बाहेर येतोय. ह्यांनी एकदा लाकडाचं पॉलिश स्वयंपाकघरात गरम करायला ठेवलं होतं आणि पडदा पेटला होता, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून ह्यांनी घराला नियम घालून दिला होता, की जे फसफसेल किंवा धुरावेल ते आधी खिडकीबाहेर, चौकशी मागाहून. मी नियम पाळला. खिडकीखाली लाँड्रीचा हौद आहे, कपडे शेवटचे खळबळायचा. गोळा नेमका त्यात गेला.

लाँड्रीवाली वर आली. (तुम्ही तिला पाहिलंय. ती दार वाजवत नाही, जिन्यातूनच हाका मारते.) "वहिनी, वरून काय सोडलंत? माझ्या हौदाचा चहा झालाय." मी म्हटलं, आंघोळीचा गोळा होता. "आंघोळ तुमची होती की डॉक्टरांच्या कोटांची?" आणि लगेच म्हणाली, "चला खाली. बाह्या वर करा." गेले. काही विकत आणायचं नसताना जिना उतरले, असं हे गेल्यापासून पहिल्यांदाच झालं. दुपारपर्यंत दोघींनी मिळून डॉक्टरांचे कोट आणि बँकेतल्या कारकुनाचे सदरे पुन्हा पुन्हा खळबळले. रंग निघाला. वास काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले, तर तो कारकून शेजारून गेला, आणि वन्सं, त्याच्या सदऱ्याला ह्यांचा वास. रंधा मारून संध्याकाळी घरी यायचे, अगदी तसा. मी त्याच्या मागे मागे चौकापर्यंत गेले. त्याने दोनदा वळून पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. (त्याचं लग्न ठरतंय म्हणतात. भलता समज व्हायचा.) म्हणून मागे फिरले, तर समोर डॉक्टर. त्यांनी विचारलं, कसं काय? मी जरा जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझी नाडी पाहिली.

परत येताना लाँड्रीवालीने हटकलं. "गिऱ्हाइकं विचारतायत, साबण कोणता म्हणून. मी सांगितलं, साबण नाही, वरचे सुतारदादा आहेत." मला हसू आलं, आणि मग नुसतं हसूच राहिलं नाही. तिने धुवायला आलेला एक सदरा पुढे केला आणि म्हणाली, "पुसा. मळकाच आहे."

घरी येऊन कपाटातून कोट काढला. त्याला ह्यांचा वास होता, म्हणून तो तुम्हाला देववत नव्हता. उगाच आढेवेढे घेत नव्हते. नाक खुपसून पाहिलं. नुसत्या डांबरगोळ्या. (त्या ठेवायला तुम्हीच सांगितलं होतंत. असो.) त्या कारकुनाच्या अंगावर हे जास्त होते.

गुडघ्यांना तेल लावत जा. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची भावजय

ता. क. कोट सोबत पाठवते आहे. दुसरा गोळा आतल्या खिशात आहे, पोहोचेपर्यंत वास धरेल. तो पाण्यात टाकू नये.

आणखी एक. वरच्या खिशातली पेन्सिल मी काढून घेतली आहे. ती मागू नये.

राहिलंच. त्या दुकानात असे गोळे अजून असतील तर थोडे पाठवा. आंघोळीला नकोत. लाँड्रीवाली म्हणते, अधूनमधून हौदात एक सोडत जाऊ. डॉक्टरांची हरकत नाही. कारकुनाला विचारलेलं नाही.