रिकामी चौकट

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. सध्या वर्गात मुक्त परवाना शिकवतोय. आपली चित्रं नेटवर ठेवतानाच लिहून द्यायचं, की घ्या, वापरा, हवं तर बदला, फक्त नाव माझं राहू द्या. मुलं प्रथमोपचाराची पुस्तिका करताहेत, तीही अशीच खुली ठेवणार आहेत. एका हाताने स्वतःच्या मनगटाला पट्टी कशी बांधायची, ती तुझी चित्रं त्यांनी नेटवर पाहिली. तेव्हापासून दुसरं काही नजरेत भरत नाही. देशील का?

तुझा,
धाकटा (अजूनही)

११ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लाडीगोडी पुरे. त्या आरोग्य शिबिरवाल्यांनी माझी चित्रं स्वतःच्या नावाने छापली, तेव्हापासून मी प्रत्येक चित्रावर आडवं नाव घालते, अगदी गाठीवरून. त्यामुळे गाठ दिसत नाही, हे मलाही कळतं. पण एकदा हात पोळलेत. मुलांना म्हणावं, दुसरी शोधा. वॉर्डात पेशंट खोळंबलेत, थांबते. वेळेवर जेवत जा.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तिका सोबत आहे. नववं पान बघ. चौकट कोरी आहे आणि खाली मुलांनी लिहिलंय, 'इथलं चित्र एका नर्सताईंचं आहे. त्या हो म्हणेपर्यंत जागा राखून ठेवली आहे.' मी दुसरं चित्र घाला म्हटलं, पण ऐकतील तर शपथ. एका डावखुऱ्या मुलीने तुझ्या चित्रांवरून डाव्या हाताने बांधायची चित्रं काढली आहेत. ती मलाही दाखवत नाही. आधी ताईंना विचारा, म्हणते. मला या पोरांचा फार अभिमान वाटतो गं. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

धाकटा

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नववं पान वॉर्डभर दाखवून झालं. माझं नाव पुसलं जाईल म्हणून मी धास्तावलेली, आणि ही पोरं ते जपत बसलेली. वाचताना रडले, सांगून टाकते.

सगळी चित्रं नव्याने स्कॅन करून पाठवली आहेत, आडव्या नावाशिवाय. घ्या, वापरा, बदला. नाव खाली बारीक अक्षरांत चालेल.

आता माझं काम. माझ्या चित्रांत सगळं उजव्या हाताने बांधलेलं, त्यामुळे उजवा हात मोडलेले पेशंट त्यांच्याकडे नुसते बघत बसतात. त्या मुलीची चित्रं मला वॉर्डात हवी आहेत, तिच्या नावासकट. लावू का, विचार तिला. तोवर भिंतीवर चौकट टांगली आहे, कोरीच.

वाट बघणारी,
ताई