‘तेल भरण्यापूर्वी’

मी, नोएमी मालागोली, वय एकोणतीस, रसायनशास्त्राची पदवीधर, राहणार कास्तेलसेको, मोदेनाजवळ, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर इतक्या वेळा म्हणाले की मी कागद घेऊन बसले. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी मागे उभं राहून मला लिहायला लावलेलं नाही. नोटरीबाई म्हणाल्या, अशा कागदाला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावलं आहे. कारण चौथ्या कलमात येईल.

कलम पहिले. बँकेत जे काही असेल ते आईबाबांचं. बाबांनी एकतीस वर्षं हॅमच्या कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळलं. त्यांच्या बोटांच्या भेगा कधी भरल्या नाहीत. त्या भेगांवर मी विद्यापीठात गेले. बाबा, या वेळी छप्पर दुरुस्त करू नका, आईला घेऊन समुद्रावर जा.

कलम दुसरे. माझ्या जन्माच्या वर्षी आईने माळ्यावर मुरायला लावलेली, दर वर्षी मोल वाढणारी व्हिनेगरची पाच पिंपं माझ्या भावाच्या, डेनिसच्या, मुलीला, अंब्राला. डेनिस, तू ती विकायला काढशील हे मला ठाऊक आहे. माझ्या पदवीच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणालास, “चार वर्षं शिकली आणि आता तेलाचा वास घेत फिरणार!” मला ते फार लागलं होतं. आता वाटतं, वास घेतला असता तरी कळलं असतं. राग सोडला आहे. पिंपं मात्र अंब्राचीच.

कलम तिसरे. फाटकावर ‘दोत्तोरेसा नोएमी मालागोली’ अशी पितळी पाटी आहे. इथे पदवी मिळाली की ही उपाधी सगळ्यांनाच लागते, पण आमच्या घरात ती पहिल्यांदा आली, म्हणून बाबांनी कोरून आणली. ती काढावी. कुठेही ठेवा, फाटकावर नको.

कलम चौथे. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे, तपकिरी काचेची एक लहान बाटली आहे. मी मोटारशर्यतीच्या एका संघात इंजिनाचं तेल बनवते आणि तपासते. बाटलीत गेल्या वर्षी आमच्याच भागात झालेल्या शर्यतीच्या वेळी, शनिवारच्या सरावानंतर इंजिनातून काढलेलं तेल आहे. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलंय: ‘तेल भरण्यापूर्वी’. ते खोटं आहे.

शर्यतीचं इंजिन तेल पितं, म्हणून सरावानंतर नवं तेल भरतात. भरण्याआधी नमुना काढायचा, हा आमचा पहिला नियम. त्या नमुन्यात तांबं किती, लोखंड किती, यावरून आत काय झिजतंय ते कळतं. त्या दिवशी शाळेच्या मुली आमची ट्रॅकवरची प्रयोगशाळा पाहायला आल्या होत्या. मी त्यांना सांगत होते की आकडे कुणाची भीड ठेवत नाहीत. बोलण्याच्या भरात मला वीस मिनिटं उशीर झाला. पोचले तोवर मेकॅनिकांनी दोन लिटर भरलेलं होतं. मी तरीही नमुना काढला आणि सवयीने, की भीतीने, नेहमीचीच चिठ्ठी लावली.

तांबं तेरा आलं. मर्यादा वीसची. आदल्या दिवशी सोळा होतं. ते खाली आलेलं पाहून मी हरखले, कारण ते तेल माझं होतं. पाण्यासारखं पातळ, म्हणजे इंजिनाची ताकद कमी खाणारं; आणि पातळ असूनही धातूवर राखणीचा थर धरणारं. तो थर धरणारी फॉस्फरसची जोडणी मी दोन वर्षं खपून जुळवली होती. मला वाटलं, जमलं.

पण त्याच कागदावर खालच्या ओळीत फॉस्फरस वाढलेला होता. वापरलेल्या तेलात फॉस्फरस वाढत नसतो. थर धरता धरता तो खर्च होतो. वाढला याचा अर्थ एकच, नवं तेल मिसळलंय. हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही जमला असता: खरं तांबं बावीस. म्हणजे माझा थर टिकत नव्हता आणि ते इंजिन शर्यतीत धावायलाच नको होतं. मी ती ओळ रविवारी, इंजिन अडतिसाव्या फेरीत जाम झाल्यावर वाचली.

आमच्याकडे एक इंजिन एकच माणूस पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत जोडतो आणि कार्डावर आपली सही करतो. ती सही एर्मेस बाराल्दी यांची होती. चौतीस वर्षांची नोकरी. तांबं ज्यातून येतं ते बेअरिंग घासून गेलं होतं. चौकशीत विभागप्रमुखांनी मला विचारलं, “तेल स्वच्छ होतं ना, दोत्तोरेसा?”

मी म्हणाले, “आकडा तुमच्या समोर आहे.”

एर्मेसकाका टेबलापलीकडे होते. म्हणाले, “ही पोरगी आकड्यांत लबाडी करत नाही. मग चूक माझीच असणार. पण कुठे झाली ते सापडत नाही.” त्यांना इंजिनांच्या खोलीतून काढून पेट्यांच्या गोदामात बसवलं. वर्षभर ते आपल्या हातांकडे बघत तीच चूक शोधतायत, असं गोदामातले लोक हसून सांगतात. मी त्या हसण्यात एकदा सामील झाले आहे.

राखून ठेवलेले नमुने वर्षाने फेकतात. हा मी कचऱ्यातून उचलून घरी आणला. तो पुन्हा तपासला तर फॉस्फरस आजही खरं सांगेल. माझ्या मृत्यूनंतर ही बाटली, तो कागद आणि माझा कबुलीजबाब एर्मेस बाराल्दी यांना द्यावा, म्हणजे त्यांचं नाव स्वच्छ होईल.

पुरवणी, त्याच दुपारी. वरचं लिहून झाल्यावर साक्षीदार आले: समोरच्या कॉफीबारच्या झेलिंडाताई फ्रेन्यी आणि एर्मेसकाका. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. चौथं कलम दोनदा. झेलिंडाताईंनी कॉफी ठेवली. ती तशीच निवली.

“तू किती वर्षांची?” काकांनी विचारलं.

“एकोणतीस.”

“मी सदुसष्ट. झडप चांगली बसली तर तू नव्वदीपर्यंत जगशील. हे मला कुठे आणून देणार, कबरीवर?”

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागले.

“अगं, बोल की त्याच्याशी!” झेलिंडाताई म्हणाल्या.

“काका, तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून वाचायला बोलावलं.”

“ते दिसतंय. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं!” मग ते हाताचा अंगठा चोळू लागले. “एक वर्ष, पोरी. मी बायकोला सांगितलं, माझे हात गेले. ती माझ्यासाठी डॉक्टर शोधत होती.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, “ते नंतर बघू. आज नाही.”

म्हणून कलम चौथे रद्द. त्यावर मी स्वतः रेघ मारली आहे, पण वाचता येईल अशी. बाटली व कागद मी आत्ता त्यांच्या हाती दिले. उद्या सकाळी आठला, दवाखान्यात भरती होण्याआधी, आम्ही दोघं विभागप्रमुखांकडे जाणार आहोत. बोलणार मी. नोकरी जाईल, ती या मृत्युपत्रात कुणाला द्यायची नव्हतीच. बाकी कलमं कायम.

सही: नोएमी मालागोली
कास्तेलसेको, बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार: झेलिंडा फ्रेन्यी. पुरवणी माझ्यासमोर लिहिली; पोर माझ्यासमोर रडली.

साक्षीदार: एर्मेस बाराल्दी. वाचलं, बरोबर आहे. माफ केलेलं नाही. उद्या पावणेआठला मी गाडी घेऊन फाटकाशी येईन.