मुठीचं माप

माजरी,
२० एप्रिल १९८६

चि. सत्यशीला हिस,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे उन्हाळ्यात जरा बरे असतात. खाणीच्या सुतारखात्यात माझी अजून पहिली पाळीच चालू आहे. जयंतीला चिमूरला यायचं राहून गेलं, एसटी चुकली. कार्यक्रम छान झाला असेल.

तुमची गिटार पुन्हा माझ्याकडे पाठव. मी नवीन बसवलेली मान, म्हणजे डाव्या हातात धरायचा दांडा, जाड राहिली आहे. मागच्या वेळी वाकसाच्या घावांनीच तासली, ते चुकलं. आता वाकस पेटीतून काढणारच नाही. रंधाही नको, सागाचे रेशे वळतात तिथे ढलपी उचकटते. अर्धगोल कानस घेईन आणि शेवटी फुटक्या बाटलीची काच. काचेने लाकूड पिठासारखं निघतं, हवं तिथे थांबता येतं. फार काढलं तर तारांच्या ओढीने मान वाकेल, तेवढं सांभाळायचं.

बाई, वर एसटीचं लिहिलं ते खोटं आहे. अंतर्देशीय एकच उरलं आहे म्हणून फाडत नाही.

मी आलो होतो. मागे पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. जावई श्रावणराव गिटार घेऊन स्टेजवर येतील म्हणून मान उंच करून पाहत होतो, आणि आलीस तू. अर्ध्या गाण्यात तुझी बोटं तारांपर्यंत पुरेनात. तू दोनदा हात झटकलास, मग गिटार खुर्चीवर ठेवून नुसत्या गळ्यावर गाणं पुरं केलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुला तोंड न दाखवता निघालो.

कुऱ्हाडीला दांडा घालायला कोणीही येवो, मी आधी त्याची मूठ हातात धरून पाहतो. तू लहानपणापासून हे बघत आलीस. गिटार दुरुस्तीला जावयांनी आणली, म्हणून मी त्यांचीच मूठ धरली. ते म्हणाले होते, "मामाजी, सत्यशीलाले इचारून घ्या ना." मी हसलो. म्हटलं, "तिले काय इचारायचं?" त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहताच म्हणाली, "थे पोरगी लगनाच्या आधीपासून वाजवते. तुमी ड्युटीवर गेल्यावर, कोनाची मागून आणून."

माझ्याच घरात, माझ्या पोरीला मी बाहेर जाण्याची वाट पाहावी लागली. त्या दिवसापासून कानस हातात धरवत नाही.

पंजा कागदावर काढून पाठव, असं लिहिणार होतो. पण तसं नको. तूच ये, आणि डावी मूठ माझ्या हातात दे. यायचं मन नसेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. मापाशिवाय मात्र त्या लाकडाला आता हात लावणार नाही.

लेकीचा हात न ओळखलेला,
तुझा बाबा
देवराव