गेथिनचा दोर

सोमवार, २ ऑक्टोबर
नोकरी लागली, खोलीही मिळाली! लान्वेर गाव छोटं आहे, पण झाडं अख्ख्या वेल्सला पुरतील एवढी. मालक एमलिन प्रोबर्ट झाडं छाटतात, पाडतात, आजारी झाडांवर इलाज करतात. मी खालचा माणूस. चढणाऱ्याचा दोर शेजारच्या बुंध्याला तीन वेढे देऊन धरायचा आणि हळूहळू सोडायचा. वर करवत चालू असली की हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा दोरावरच. एक ओढ म्हणजे थांब, तीन म्हणजे मला खाली घे. मी लगेच वहीत उतरवून घेतलं. मालक म्हणाले, “लिहून झालं असेल तर जरा झाडाकडेही बघा, प्रोफेसर!” संध्याकाळी मालकांच्या बायकोने, मेरिएलबाईंनी, वाडगाभर काव्ल, म्हणजे इथला मटणाचा रस्सा, वाढलं. मटण कमी, बटाटे जास्त, पण गरम.

गुरुवार, ५ ऑक्टोबर
छपरीत आठ दोर आहेत. सात मळके, एक जवळजवळ नवा, टोकाला लाल सूत गुंडाळलेलं. तो मालकांच्या मुलाचा, गेथिनचा. मार्चमध्ये चर्चमागच्या ॲशच्या झाडावर तो मोडक्या फांदीखाली अडकला आणि तिथेच गेला. मेरिएलबाईंनी हळूच सांगितलं की असा दोर ठेवत नाहीत. हिसका बसला की आतला पीळ तुटतो, बाहेरून दिसत नाही. म्हणाल्या, “यांच्याने तोडवत नाही, तू तोड.” मी कुऱ्हाड घेऊन गेलो. मालक दोर मांडीवर घेऊन बसले होते, हात फिरवत. मी थोडी लाकडं फोडली आणि परत आलो. बाईंना सांगितलं, तोडला.

मंगळवार, १० ऑक्टोबर
आज मालकांनी तोच दोर कामावर आणला. मी तोच बुंध्याला वेढला. दुपारी ते डबा खायला उतरले. दोर गुंडाळायला मी धरला, तर ओढ आली. एक, दोन, तीन. वर कोणी नव्हतं. पानसुद्धा हलत नव्हतं. लिहिलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर
पुन्हा तीन. मालकांनी माझा चेहरा पाहून विचारलं. सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “गेथिन गेला त्या दिवशी मी त्याचा दोर खाली बांधून फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रापाशी गेलो होतो. पोरगं किती वेळ ओढत होतं, कोण जाणे.”

गुरुवार, १२ ऑक्टोबर
सकाळ. चर्चमागे. ॲश पार वाळलंय, अशा झाडावर कोणी चढत नाही. मालक चढलेत. गेथिनच्याच दोरावर. मी म्हटलं, दुसरा घ्या. म्हणाले, “दुसऱ्यावर तो कसा येईल रे?”

मेरिएलबाई आल्या. दोर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी फोन करायला धावल्या.

वेढे टिकून आहेत. एका हाताने लिहितो.

तीन ओढी. सोडायला लागलो — एक. थांबलो. वर मालक फांदीला बिलगून कोणाशी तरी बोलताहेत. लहान मुलाशी बोलावं तसं.

पुन्हा तीन. पुन्हा एक. मुलाला खाली यायचंय. बापाला त्याला जमिनीवर आणायचं नाही — आणलं की तो कायमचा —

दोरात बारीक तटतट. आतला पीळ.

तीन. आता फक्त तीन. घेतो खाली. वजन दोघांचं आहे. बाई, मी तोडला नव्हता, मी तेव्हाच —

दोर हातातून सुटू देणार नाही. हळूहळू. दोघांनाही जमिनीवर —