आबा जीपमध्ये सापडले

अहो, आबा सापडले! तुमचा मोबाइल घरीच राह्यला, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही त्यांना शोधत राजूरला गेलात अन् ते आपल्याच रानात, कडब्याच्या गंजीमागं उभ्या जीपमध्ये अगदी आरामात बसलेले. मांडीवर तो सॅटेलाइट रेडिओ, टपावर त्याचा एरियल. घरात पत्र्याखाली तो धड लागत न्हाई, तुटत तुटत मोठ्यानं वाजतो, तिथंही गाणं मधीच तुटत होतं. जीपची बॅटरी पार उतरली, धक्का मारावा लागंल.

आबा जेवून झोपलेत. आबा सापडले म्हणून मी पोलीस ठाण्यात सांगून येते. उठल्यावर त्या रेडिओवरून पुन्हा त्यांना बोलू नका. मी रडतच विचारलं, तर म्हणले, "रात्री घरात आवाज नको म्हणला ना सुदाम, मंग इथं येऊन बसलो. तुमची झोप तर मोडली न्हाई ना?"